पहिल्या धारेची

दिवाळी जवळ आली की माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली उतरतो. ज्यांच्या घरात बंबाची जागा विजेच्या गीझरने घेतली, त्यांच्याकडे निदान एखादे घंगाळ किंवा कळशी असतेच. चिंच आणि मीठ लावून घासली, की काळवंडलेली ती वस्तू अशी लखलखते की शेजारच्या स्टीलच्या बादलीने लाजून मान खाली घालावी! तांब्याशी आपले नाते असे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. म्हणूनच या सदराच्या टपालात यंदा आलेला एक प्रश्न आम्हांला मोठा गमतीचा वाटला.

मुंबईच्या उपनगरात राहणारे एक वाचक लिहितात : "माझा मुलगा न्यूझीलंडमध्ये नोकरीला आहे. त्याच्या शेजाऱ्याने तांब्याचा पत्रा आणि नळ्या आणून घरीच एक लहानशी भट्टी तयार केली आहे व तिच्यातून तो जिन काढतो. मुलाने पाठवलेला फोटो पाहिला तर तो सरळ आपला बंबच वाटला! मग पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर ही वस्तू करू शकणार नाही काय? आणि करू शकत असेल, तर आपल्याकडे कोणी का करू नये?"

ज्या घरांतून हा अंक आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या हातांतून फिरतो, तेथे 'जिन' हा शब्द पाहून कोणाच्या भुवया उंचावल्या तर नवल नाही. त्यांनी निश्चिंत असावे. वस्तूच्या पोटात शिरून ती कशी चालते ते सांगणे एवढेच या सदराचे काम. पेल्यात काय ओतावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आता पत्रलेखकांच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. तांबट ही भट्टी करील काय? या पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते : करील, आणि झकास करील. 'का करू नये' या दुसऱ्या भागाला मात्र आजचे सारे सदर खर्ची पडणार आहे.

झाकणाखालचा घाम

भात शिजत असताना झाकण उचलून पाहा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत असतात. वाफ वर गेली, थंड झाकणाला लागली आणि तिचे पुन्हा पाणी झाले. हे थेंब परत भातात पडू न देता बाजूला वळवून दुसऱ्या भांड्यात धरले, की झाले ऊर्ध्वपातन! अरबी भाषेत 'अरक' म्हणजे घाम. झाकणाखाली जमणाऱ्या थेंबांना याहून नेमके नाव कोणते द्यावे? 'अराक' हे मद्याचे नाव त्यातूनच निघाले. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला युरोपात 'अलेंबिक' म्हणतात, तेही अरबी 'अल्‌-अंबीक'वरूनच. आणि अरबांनी तो शब्द ग्रीकांकडून उचललेला. आपणही मागे नव्हतो. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्राच्या ग्रंथात 'तिर्यक्‌पातन यंत्र' आहे : दोन घडे, मध्ये तिरपी नळी, एकाखाली विस्तव आणि दुसऱ्यात थंड पाणी. तेथे मद्य काढायचे नव्हते, पारा शुद्ध करायचा होता. पण यंत्राचा जीव तोच.

जिनच्या भट्टीचे अवयव मोजून पाच. खाली पोटाचा हंडा, त्यावर घुमटासारखी टोपी, टोपीतून हंसासारखी वळलेली मान, मानेला जोडलेली आणि थंड पाण्याच्या पिंपात बुडवलेली नागमोडी नळी, आणि नळीच्या तोंडाशी धार धरणारे भांडे. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते, मद्यार्क ७८.३ अंशांना. या फरकावर सारा खेळ चालतो. मात्र आधी सगळा मद्यार्क निघून जातो आणि मग पाण्याची पाळी येते, असे होत नाही. दोघे हातात हात घालूनच निघतात. आरंभी वाफेत मद्यार्काचा वाटा मोठा असतो आणि हळूहळू तो घटत जातो, इतकेच.

हे पाचही अवयव घडवणे तांबटाला अवघड नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही पत्रा ठोकून त्याला खोली देण्याचे काम हातानेच चालते. ठोकता ठोकता तांबे ताठर होते, तेव्हा ते विस्तवात लाल करून पुन्हा मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे. शेवटी हातोड्याच्या सारख्या, जवळजवळ घावांनी सबंध अंगावर चमकदार टिकल्या उठवायच्या. यालाच मठारणे म्हणतात. मठारकामाने भांडे नुसते सुंदर होत नाही, त्याच्या अंगात बळही येते. ज्या हातांनी बंब घडवला त्यांना भट्टीची टोपी काय जड?

तांबेच कशाला?

याला तीन कारणे आहेत. पहिले, तांबे घडवायला सोपे. दुसरे, ते उष्णता झटकन वाहून नेते. स्टेनलेस स्टीलच्या वीसपटींहून अधिक. त्यामुळे भांड्याच्या तळाला एका जागी करपत नाही आणि नळीत वाफ लवकर निवते. तिसरे कारण खरे गमतीचे आहे. धान्याचा किंवा फळांचा रस आंबतो तेव्हा यीस्टच्या उद्योगातून गंधकाची काही संयुगे तयार होतात. त्यांचा वास नासक्या अंड्यांची किंवा उकडलेल्या कोबीची आठवण करून देणारा. वाफ तांब्याला घासून जाते तेव्हा तांबे हे गंधक स्वतःच्या अंगावर घेते, आणि धार स्वच्छ वासाची उतरते. म्हणजे भट्टी हे नुसते भांडे नव्हे. ते थोडे थोडे झिजून काम करणारे गाळणे आहे.

येथे गृहिणींना एक शंका येईल. आपण तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई केल्याशिवाय त्यात ताक किंवा आमटी ठेवत नाही. आंबटाने तांबे कळकते. मग भट्टीला आतून कल्हई का नाही? कारण कल्हई केली की वाफेची आणि तांब्याची गाठच पडणार नाही आणि वर सांगितलेले काम राहून जाईल. म्हणून भट्टी आतून उघडीच ठेवतात. मात्र त्यामुळे प्रत्येक खेपेनंतर ती घासूनपुसून कोरडी करावी लागते. कळकलेल्या टोपीखालची धार हिरवट झाक घेऊन उतरली तर ती पिण्याची राहत नाही.

आणि जोड? हौशी माणूस फसतो तो येथेच. पत्र्याचा जोड शिशाच्या मिश्रधातूने डाखला, तर गरम मद्यार्क ते शिसे हळूहळू खातो. अमेरिकेच्या डोंगराळ भागांत चोरून दारू गाळणाऱ्यांनी नागमोडी नळीऐवजी मोटारीचे जुने रेडिएटर लावले होते. त्यांच्या जोडांत शिसे असे. ती दारू पिणाऱ्यांच्या अंगात शिसे भिनून माणसे आजारी पडल्याच्या नोंदी तेथील वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दिसायला वस्तू चोख, वाफ येते, धार पडते. दोष मात्र डोळ्यांना दिसतही नाही!

जिन म्हणजे नेमके काय?

पुष्कळांची समजूत अशी असते की जिन ही अमुक फळापासून आंबवून काढतात. तसे नाही. जिनचा कारखानदार बहुधा धान्यापासून काढलेला, वासचव नसलेला, आधीच शुद्ध केलेला मद्यार्क घेतो. हा मद्यार्क काढतात तो उंच, मनोऱ्यासारख्या यंत्रात. त्याच्या एका प्रसिद्ध रचनेचे पेटंट १८३० साली एनियस कॉफी नावाच्या गृहस्थाने घेतले. गंमत अशी, की हे गृहस्थ त्याआधी आयर्लंडात अबकारी खात्यात अधिकारी होते, म्हणजे भट्ट्या शोधून काढण्याच्या धंद्यातले! तेव्हा तांब्याच्या लहान भट्टीचे काम मद्य निर्माण करण्याचे नसून मद्याला सुगंध देण्याचे असते.

हा सुगंध मुख्यतः ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या निळसर फळांचा. डच भाषेतील त्याच्या 'येनेव्हर' या नावाचे इंग्रजांनी आधी 'जिनिव्हा' आणि मग आखडून 'जिन' केले. स्वित्झर्लंडातल्या जिनिव्हा शहराशी त्याचा काही संबंध नाही. ज्युनिपर आपल्याला अगदी परका नाही. हिमालयात ते वाढते, संस्कृतात त्याला हपुषा म्हणतात. ज्युनिपरच्या पाठोपाठ मान कोणाचा, तर आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या धन्यांचा! 'बॉम्बे सफायर' या नावाने जगभर खपणाऱ्या, पण इंग्लंडात हँपशर परगण्यात तयार होणाऱ्या जिनमध्ये जे दहा जिन्नस पडतात त्यांत धने, ज्येष्ठमध, कंकोळ, बदाम आणि लिंबाची साल आहेत. नाव मुंबईचे, कारखाना विलायतेचा आणि यादी थेट गावच्या काष्ठौषधीच्या दुकानातली!

हे जिन्नस कोणी मद्यार्कात रात्रभर भिजवून हंड्यातच उकळतात. कोणी जाळीच्या टोपलीत घालून वाफेच्या वाटेत टांगतात, म्हणजे वाफ त्यांच्यातून जाताना गंध घेऊन जाते. 'लंडन जिन' हे नाव लावायचे तर युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे सारा स्वाद अशा पुनःऊर्ध्वपातनातूनच यावा लागतो. मागाहून अर्काचे चार थेंब टाकून भागत नाही. मात्र ती लंडनमध्येच तयार व्हावी असे बंधन नाही. २०१७ सालापासून आपल्या गोव्यातही त्या धर्तीची जिन निघू लागली, आणि तिच्या पाठोपाठ हिमालयातील ज्युनिपर व हळद घातलेली एक जिन चक्क 'हपुसा' या नावाने बाजारात आली.

धारेचे तीन भाग

मराठीत एखादी गोष्ट अस्सल आणि जहाल आहे असे सांगायचे तर आपण म्हणतो, 'पहिल्या धारेची!' नाटकातला संवाद पहिल्या धारेचा, वक्त्याची शिवी पहिल्या धारेची. हा वाक्प्रचार हातभट्टीवरूनच भाषेत आला, आणि तो खोटाही नाही. सर्वांत कडक असते ती पहिलीच धार. परंतु जिन काढणारा जाणता माणूस पहिल्या धारेचे काय करतो? ती बाजूला काढून टाकतो!

तो धारेचे तीन भाग करतो : डोके, काळीज आणि शेपूट. डोक्यात सर्वांत चटकन उडून येणारी द्रव्ये असतात; आंबवलेल्या रसापासून दारू गाळली तर त्यांचा वास नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखा येतो. मग काळीज येते. जिनच्या बाबतीत आधी लिंबा-संत्र्याच्या सालीचा तजेला, नंतर ज्युनिपरचा दरवळ, त्यानंतर मुळ्यांचा मातकट, खोल गंध. शेवटी शेपूट : पातळ, जडशीळ आणि ओल्या पुठ्ठ्यासारख्या वासाचे. डोके केव्हा संपले आणि शेपूट केव्हा सुरू झाले हे ठरवणे म्हणजे या धंद्यातली खरी विद्या. उष्णतामापक आणि मद्यार्कमापक मदतीला असतात. पण शेवटचा निकाल नाकाचा. गोव्यात काजूच्या फेणीचे जाणते फेणी उंचावरून पेल्यात ओतून तिच्यावर उठणारा फेस आणि तो टिकण्याचा वेळ पाहतात. फेसाला पोर्तुगीज अमदानीपूर्वीपासून आपल्याकडे 'फेन' म्हणतात, आणि फेणीचे नावही त्यावरूनच पडले असे मानतात. तेथेही पहिल्या गाळपाला मान नाही. त्याचा 'उर्राक' होतो, आणि उर्राक ताज्या रसात घालून पुन्हा गाळला म्हणजे फेणी.

येथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, "मग सोपे आहे. पहिली धार टाकून दिली की विष गेले!" हा समज फार पसरलेला आहे, आणि तोच सर्वांत घातक आहे.

न वास येणारे विष

विष म्हणजे मिथाइल अल्कोहोल, अर्थात मिथेनॉल. फळांच्या सालीगरात पेक्टिन असते, ते आंबताना यातला थोडा अंश निसर्गतःच तयार होतो. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणजे साध्या मद्यार्काच्या आधी. तेव्हा ते सारे पहिल्या धारेत निघून जात असणार, असा हिशेब माणूस मांडतो. हा हिशेब शुद्ध मिथेनॉलपुरता खरा. पाणी आणि मद्यार्क यांच्यात मिसळल्यावर ते असे शिस्तीत रांग लावत नाही. डोके, काळीज, शेपूट, तिन्हींत थोडे थोडे उतरत राहते. साध्या हंड्याच्या भट्टीतून ते वेगळे काढता येत नाही. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमात लंडन जिनसाठी घ्यावयाच्या मद्यार्कातच त्याची मर्यादा घातली आहे : १०० लिटर निर्भेळ मद्यार्कामागे ५ ग्रॅम. भट्टीवर विसंबून न राहता कच्च्या मालाचीच झडती घेतलेली बरी, हे त्या नियमाचे मर्म.

आता घरी जिन करणाऱ्याला असा झडती घेतलेला मद्यार्क कोठून मिळणार? मग त्याची नजर जाते दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटकडे. रंगकामाचे किंवा स्टोव्ह पेटवण्याचे स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी द्रव्ये घातलेली असतात, आणि ती तांब्याच्या टोपीला किंवा ज्युनिपरच्या फळांना भीत नाहीत. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. तेव्हा लोक कारखान्यांतला चोरीचा मद्यार्क ज्युनिपरच्या तेलात घोळवून घरोघर 'जिन' करीत. सरकारने कारखान्यांच्या मद्यार्कात मिथेनॉल घालण्याचे फर्मान काढले होते. चोरांच्या रसायनज्ञांना ते पुरते काढता येईना. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमधील रुग्णालयांत अशी माणसे रांगेने आली आणि त्यांतील अनेक दगावली.

इतक्या दूर कशाला? २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. कारण तेच, मिथेनॉल. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले. त्यांनी घेतले होते ते स्वस्तात स्वस्त मिळणारे मद्य.

या विषाचा दगाबाजपणा असा, की त्याचा वास आणि चव साध्या मद्यार्काहून ओळखू येण्याइतकी वेगळी नसते. पिणाऱ्याला कित्येक तास विशेष काही होतही नाही. दरम्यान यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. दृष्टी धूसर होणे, पोटात कळा, धाप लागणे ही लक्षणे दिसताच, किंबहुना शंका येताच, रुग्णालय गाठावे. यावर उतारा आहे, रक्त शुद्ध करण्याची सोय आहे. पण घड्याळ आपल्या बाजूने नसते. लिंबू पाजणे, झोपवून ठेवणे, 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणणे, यांनी माणूस हातचा जातो.

आता धारेकडे पुन्हा पाहा. जाणत्याचे नाक जे पकडते ते घाणेरडे; जे मारते ते नाकाला कळतच नाही. म्हणून चांगल्या कारखान्यात नाकाच्या जोडीला प्रयोगशाळा असते, आणि प्रयोगशाळेवर परवाना देणाऱ्याचा डोळा असतो. भट्टी घरी घडवता येते. तिची परीक्षा घरी घडवता येत नाही. पत्रलेखकांच्या 'का करू नये'चे आमच्या मते हेच खरे उत्तर आहे, आणि कायद्याचे कलम त्यानंतर येते.

लहान भट्टी आणि सरकार

कायद्यालाही लहान भट्टीची धास्ती जुनी आहे. इंग्लंडात १६९० च्या सुमारास सरकारनेच धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन दिले. परिणामी लंडनच्या गरीब वस्त्यांतून जिनचा असा पूर आला की टर्पेंटाइन घातलेली जिनसुद्धा खपू लागली. १७३६ चा कडक कायदा लोकांनी धाब्यावर बसवला. १७५१ साली विल्यम होगार्थने 'जिन लेन' हे चित्र छापले : पायरीवर झिंगून बसलेली आई आणि तिच्या हातून निसटून खाली पडणारे मूल. त्याच वर्षी झालेल्या कायद्यानंतर हा पूर ओसरू लागला. पुढे मोठ्या भट्टीवर नजर ठेवणे सोपे, या विचाराने लहान भट्ट्यांना परवानाच मिळेना. २००९ साली लंडनच्या हॅमरस्मिथ भागात 'सिपस्मिथ' नावाने काही मंडळींनी एका गॅरेजमध्ये तांब्याची लहान भट्टी बसवली, तीही सरकारशी दीर्घ झगडा करून परवाना मिळवल्यावर. त्यांनी भट्टीचे नाव ठेवले 'प्रुडन्स', म्हणजे विवेक! त्यानंतर इंग्लंडात लहान भट्ट्यांचे पेव फुटले. पण त्या सर्व परवान्याच्या आहेत, घरच्या नाहीत.

न्यूझीलंडची गोष्ट निराळी. १९९६ पासून तेथे स्वतःपुरते मद्य घरी गाळण्यास मुभा आहे. विकायला मात्र नाही. तेव्हा पत्रलेखकांच्या चिरंजीवांचा शेजारी गुन्हा करत नाही, हे निश्चित. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, मद्य गाळणे तर सोडाच, पण त्या हेतूने भट्टी किंवा तिचे साहित्य जवळ बाळगणे हादेखील गुन्हा मानतो. म्हणजे तांबटाने हंडा केला तर ते भांडे. तुम्ही त्याला नळी जोडून मद्य गाळायला बसलात की तो मुद्देमाल!

याखेरीज आगीचे भय आहेच. मद्यार्काची वाफ दिसत नाही. पण शेगडीच्या ज्योतीने भडकते. नळी तुंबली तर हंड्यातली वाफ वाट शोधते, आणि ती वाट स्वयंपाकघरातून जाते. जुने लोक टोपीचा सांधा कणकेने लिंपीत, त्यात शहाणपण होते. दाब वाढला तर आधी कणीक उडे, हंडा नव्हे. पक्का डाख देऊन सांधा बंद करणाऱ्या हौशी माणसाला हे शहाणपण सुचत नाही.

हौस भागवायची तर

मग तांब्याच्या या सुरेख यंत्राकडे आपण पाहूच नये काय? मुळीच तसे नाही. उत्तर प्रदेशातील कनौज गावी अत्तरे काढतात ती अशाच तांब्याच्या देगेतून. देगेत गुलाबाच्या पाकळ्या आणि पाणी, झाकणाचा सांधा मातीने लिंपलेला, त्यातून निघणारी दोर गुंडाळलेली बांबूची नळी आणि तिच्या टोकाशी पाण्याच्या हौदात ठेवलेले 'भपका' नावाचे भांडे. तेथील कारागीर विस्तव कमीजास्त करतो तो उष्णतामापक पाहून नव्हे; हाताला लागणारी ऊब आणि देगेतून येणारा आवाज यांवरून.

याची लहान प्रतिकृती घरच्या घरी करता येते, आणि तिला ना परवाना लागतो ना तांबट. एक मोठे पातेले घ्या. मध्यभागी उलटी वाटी ठेवून तिच्यावर एक रिकामा वाडगा बसवा. भोवती औषध न फवारलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या पसरा आणि त्या बुडतील इतकेच पाणी घाला. वाडग्यात पाणी जाता कामा नये. पातेल्यावर घुमटाकार झाकण उलटे ठेवा, म्हणजे त्याची टोकदार बाजू बरोबर वाडग्यावर येईल. झाकणाच्या खळग्यात बर्फ घाला, तो वितळला की पाणी काढून नवा घाला, आणि अर्धा-पाऊण तास मंद आच द्या. पातेल्यातले पाणी आटू देऊ नका. भांडे निवल्यावर वाडग्यात जे जमलेले असेल ते गुलाबपाणी. मुलांना जवळ बसवा; झाकणाखालचा घाम, थंडाव्याचे महत्त्व आणि वाफेचा प्रवास ही सारी विद्या त्यांना एका बैठकीत कळेल. गुलाबपाणी स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून थंड जागी ठेवावे आणि आठवडा-दोन आठवड्यांत संपवावे.

आणि हो, वाडगा मध्येच एकदा बदलून पाहा. आरंभीचे पाणी आणि नंतरचे पाणी वेगवेगळे ठेवून मुलांना डोळे मिटून वास घ्यायला सांगा. जिनच्या भट्टीवर जी टाकून द्यायची, ती पहिली धार येथे सर्वांत सुगंधी असते. पाडव्याच्या बासुंदीत घालायची ती तीच.